पिठावरचं पाऊल

"आणखी थोडं चाळा भाऊजी, फरशी दिसायलीय अजून," कोकिळा म्हणाली, आणि आदिनाथनं चाळणी पुन्हा हलवली.

ज्वारीचं पीठ भुरभुरत खाली आलं. भिंतीजवळ ज्या जागी आदिनाथच्या वडिलांनी, लिंबाजीबाबांनी, शेवटचा श्वास सोडला, ती जागा धुऊन-पुसून घेतली होती आणि आता तिथं परातीएवढा पांढरा थर साचला होता. कोकिळेनं एका जुन्या लग्नपत्रिकेची कड त्यावरून फिरवून तो सपाट केला आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. आदिनाथ गुमान मागं सरला. बंगळूरच्या प्रयोगशाळेत आरशावर धुळीचा कण बसला तरी तो विद्यार्थ्यांना फैलावर घ्यायचा. इथं वहिनीचं राज्य होतं.

सकाळीच सगळे राख सावडून, ती पूर्णेत सोडून आले होते. आता रात्रभर हे पीठ टोपल्याखाली झाकून ठेवायचं, शेजारी दिवा तेवत ठेवायचा आणि उजाडल्यावर टोपलं उचलून बघायचं की गेलेला जीव कोणत्या पावलानं येऊन गेला. पाखराचं पाऊल उमटलं तर जीव उडाला, सुटला. गाईचा खूर दिसला तरी चांगलंच. पण पीठ कोरं राहिलं, तर जीव कशात तरी अडकलाय, घरातच घुटमळतोय, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. उजाडायच्या आत कुणी टोपल्याखाली डोकावायचं नाही, एवढाच काय तो नियम.

"उद्या टोपलं आदिनाथ उचलंल," कमलबाई भिंतीला टेकल्या जागेवरून म्हणाल्या.

राधाकिशननं चमकून आईकडे पाहिलं. थोरला तो, अग्नी त्यानं दिलेला, म्हणजे मानही त्याचाच.

"म्या हाय की, माय."

"तू हाईस रे. पर त्याला दिसंल तेच त्यो सांगंल."

आदिनाथला ही खोड केवढ्याला पडली होती, ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

चारठाण्याच्या अलीकडचं हे गाव, मग जिंतूरचं कॉलेज, मग पुणे, मग जर्मनी आणि शेवटी बंगळूर, असा आदिनाथचा प्रवास. आणि एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर तो करायचा काय, तर अंधाऱ्या खोलीत बसून प्रकाशाचे सुटे कण मोजायचा. खळ्यावरच्या ज्वारीपाशी बसून त्यानं बाबांना ते एकदा समजावलं होतं. उजेड म्हणजे ही रास, आणि मी त्यातला एकेक दाणा वेगळा काढून बघतो. बाबांना ते असं काही पटलं, की जिंतूरच्या स्टँडवर चहा पिताना अनोळखी माणसालाही गाठून ते सांगायचे, आमचा धाकटा उजेडाचे दाणे मोजतो. एकदा त्यांना बंगळूरला नेलं, तेव्हा ते प्रयोगशाळेतल्या काळोखात बराच वेळ बसून राहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "उजेडाचं काम अन् बल्ब लावायची चोरी. बरी नोकरी शोधलीस."

पुढं आदिनाथच्या हाती मोठं काहीतरी लागलं. दोन दूरदूरच्या उगमांतून निघालेले प्रकाशकण एकमेकांशी अशा काही रीतीनं जुळत होते, की ते आजवर कुणालाच दाखवता आलं नव्हतं. परदेशातून बोलावणी आली, परभणीच्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि बाबांनी तो फ्रेम करून दारासमोरच टांगला. मग एके दिवशी त्याची विद्यार्थिनी अर्पिता चेहरा पाडून समोर उभी राहिली. एका यंत्रावर बारकासा हिरवा दिवा होता. त्याच्यावर लावलेली काळी चिकटपट्टी कोपऱ्यात सुटली होती आणि तिथून झिरपणारा उजेड मोजणीत शिरत होता. पट्टी नीट दाबली की सगळा चमत्कार गायब. आदिनाथनं आपण होऊन जगाला कळवलं, की माझा निष्कर्ष चुकला, मी तो मागं घेतो. कुणी त्याला पकडलं नव्हतं. पण प्रकल्प बंद पडला, बढती हुकली, आणि हाताखालची मुलं एकेक करून दुसरीकडे गेली.

बाबांना त्यानं फोनवर सांगितलं.

"कुणी इचारलं होतं का तुला?"

"न्हाई."

"मग गप बसायला काय झालं होतं?"

त्याच दिवशी फ्रेम खाली उतरली. त्यानंतर आदिनाथनं कधीही फोन केला, तरी बाबा रानात गेलेले असायचे. धो-धो पाऊस असो की टळटळीत ऊन, बाबा आपले रानातच. आणि मग फोन आला तो राधाकिशनचा. आदिनाथ गावात पोचला तोवर सरण विझलं होतं. बापाचं तोंड दिसलं नाही, आणि त्याआधीचं बोलणं ते असं. हे त्याला आतून कुरतडत होतं, पण सांगणार कुणाला?

तिन्हीसांजेला दोघे भाऊ ओट्यावर बसले. घरात चूल बंद होती. शेजारच्या गीताबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली होती. आदिनाथनं चतकोर भाकरी मोडली, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. दाराआडून कमलबाई बघत होत्या, ते काही त्याला दिसलं नाही.

"कोरं निघालं तर?" राधाकिशननं हळूच विचारलं.

"कोरंच निघंल, दादा. पिठावर कोण येणार हाय?"

"तेच म्हणायलोय म्या. अन् मग मायचं काय हुईल? ती अन्न सोडंल. जलमभर मनाला लावून घेईल, की आपला माणूस घरातच अडकला." तो जरा जवळ सरकला. "टोपलं उचलतानी एक बोट फिरव. कुणाला कळतंय?"

आदिनाथनं मान हलवली.

"न्हाई होणार माझ्याच्यानं."

"सख्ख्या आईसाठी बी?"

"तिनं मला का उचलाया सांगितलंय, ऐकलंस ना?"

"म्हणून तर म्हणायलोय. तू सांगितलेलं ती डोळे झाकून धरंल. म्या सांगितलं तर इचारंल, की राधाकिशना, खरं का?" राधाकिशन उठला, धोतर झटकलं. "तुझं तू बघ बाबा. तुझ्या त्या यंत्रात आन् माझ्या मायमधी फरक हाय, एवढंच सांगतो."

राधाकिशन कधी असं टोचून बोलत नसे. बोलला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण शब्द काही मागं घेतला नाही.

सकाळी राधाकिशन गोठ्यात वैरण टाकायला गेलेला आणि कोकिळा अंगण झाडायला लागलेली, तेवढ्यात कमलबाईंनी आतून हाक मारली.

"आदिनाथ, ये. उजाडलंय."

"दादाला येऊ दे की."

"येईल त्यो. तू उचल."

तो पिठासमोर उकिडवा बसला. दिवा अजून तेवत होता. उजव्या हाताचं बोट त्यानं नकळत पायजम्यावर घासलं. ओट्यावर तो नाही म्हणाला होता खरा, पण आता आईसमोर बसल्यावर त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. एक रेघ ओढली तर काय बिघडेल, आणि नाही ओढली तर ही बाई कशी जगेल? काहीच ठरत नव्हतं. त्यानं टोपलं उचललं.

पिठावर पाऊल होतं.

तीन बोटं पुढं, एक मागं. पाखराचं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी जर्मनी, बंगळूर, सगळं शिक्षण गळून पडलं. बाबा येऊन गेले, एवढंच त्याला कळलं आणि त्याचे डोळे भरून आले.

मग त्या डोळ्यांनी आपलं काम सुरू केलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय थांब म्हटल्यानं थांबते? पाय वरून टेकला तर पीठ दबतं. इथं ते दबलं नव्हतं, सरकलं होतं. प्रत्येक रेघेच्या टोकाशी पिठाचा बारीक उंचवटा साचला होता, बोट ओढल्यावर साचतो तसा. आणि सगळे उंचवटे एकाच बाजूला होते, भिंतीकडे. ज्यानं कुणी बोट आपल्याकडे ओढलं, तो भिंतीला टेकून बसलेला होता.

त्यानं सावकाश मान वर केली. भिंतीला टेकून कमलबाई बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. डोळे पुसायला तो हात बाहेर आला, तेव्हा बोटाच्या नखात पांढरं दिसलं. बाबा गेल्यापासून घरात भाकरी थापलेली नव्हती. काल पीठ चाळलं तेही त्यानं आणि वहिनीनं.

"काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं.

तो पुन्हा पिठाकडे वळला.

"नीट बघ. तुझ्या सोताच्या डोळ्यानं बघ. दुसऱ्यानं सांगितलेलं तुला पटायचं न्हाई, म्हणून तुला उचलाया लावलं." कमलबाईंचा आवाज कापायला लागला. "तुझ्यावर राग धरून गेले असते, तर पीठ कोरं राहिलं असतं का न्हाई, तूच सांग. आल्यापून मान खाली घालून बसायलास. घास घशाखाली उतरंना तुझ्या. म्या काय आंधळी हाय?"

आदिनाथला भडभडून आलं. दोघं भाऊ ओट्यावर बसून आईला कसं सावरायचं याचा घोर करत होते, आणि ज्या बाईनं आयुष्यात कधी देवाधर्माचा नियम मोडला नाही, ती पोराचं ओझं उतरवायला उजाडायच्या आत टोपल्याखाली हात घालून बसली होती. नवऱ्याचा जीव खरंच सुटला का, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

"पाखराचं हाय, माय," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं. सुटले बाबा. कुणावर राग न्हाई त्यांचा."

कमलबाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. झाडू टाकून कोकिळा आत आली, पाऊल बघून तिनं हात जोडले आणि लगेच कमरेचा मोबाइल काढला.

"मंजुषाताईला फोटो धाडते. लय रडायल्यात तिकडं."

मंजुषा म्हणजे आदिनाथची बहीण. पुण्याला बाळंतपणाला टेकलेली, म्हणून येऊ शकली नव्हती. फोटो गेला असता, तो तिनं मोठा करून पाहिला असता, दहाजणांना दाखवला असता, आणि बोटाची खूण कुणाच्या तरी नजरेत आली असती. कोकिळा मोबाइल धरून वाकली, तेवढ्यात आदिनाथनं दोन्ही तळवे पिठात घातले आणि सगळं मधोमध गोळा केलं.

"अहो भाऊजी, थांबा की."

"फोटो काढू नये याचा, वहिनी."

"कुणी सांगितलं?"

"काढू नये," तो म्हणाला. असा काही नियम त्यानं जन्मात ऐकला नव्हता. "पाऊल बघितलं की लगेच मोडायचं असतंय."

कोकिळेनं सासूकडे पाहिलं.

"त्यो म्हणतोय तर असंल," कमलबाई म्हणाल्या आणि हात पुन्हा पदराखाली घेतला.

राधाकिशन दारात आला, अंगावर कडब्याचा भुसा घेऊनच. पाखराचं पाऊल निघालं म्हणून कोकिळेनं सांगितलं. त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धाकट्याच्या मनगटापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांकडे. तो येऊन आदिनाथच्या शेजारी बसला आणि त्यानं त्याचा खांदा घट्ट धरला.

"बरं केलंस," तो कानाशी पुटपुटला. "काल वंगाळ बोललो म्या. पर लय बरं केलंस."

आदिनाथ पिठाचा ढीग सारखा करत राहिला.

"मायसाठी केलं, दादा," तो म्हणाला.