खोडलेल्या नावावरचा उजेड

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक अंधारी खोली मनात आणा. खिडक्यांना जाड पडदे आहेत. बाहेर पाऊस आहे, पण तो फक्त ऐकू येतो. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. मधल्या टेबलावर करड्या रंगाची एक लोखंडी पेटी आहे. तिच्या डोक्यावर टोपीसारखे झाकण, पोटात दिवा आणि पायाशी एक पांढरी पाटी. कोणीतरी बाजूची मूठ फिरवते, आणि पाटीवर कधीच्या काळी वारलेल्या माणसाचे हस्ताक्षर उमटते. दिसले? ते जुने यंत्र मीच.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. पाठीवर कारखान्याच्या नावाची एक पट्टी होती, ती केव्हाच निघून पडली. साऱ्या जिल्ह्याने ज्याच्यासमोर बसून आपापल्या घराण्याच्या नोंदी शोधल्या, त्याच्या स्वतःच्या जन्माची नोंद मात्र कुठेच नाही. मला आठवते ते इथपासून, की वेल्समधल्या या डोंगराळ जिल्ह्याच्या दप्तरखान्यात दोन माणसांनी मला जिन्यावरून उचलून आणले, आणि वर पोचेपर्यंत दोघांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या.

दप्तरखान्यात गावोगावच्या चर्चच्या आणि चॅपलच्या जुन्या वह्या होत्या. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचे लग्न लागले, कोणाला कुठे पुरले, सगळे त्यांत होते. पण पाने इतकी जीर्ण, की हात लागला तरी कोपरे गळून पडत. म्हणून एकेका पानाचा फोटो घेऊन त्यांच्या लांबच लांब फिल्म तयार केल्या होत्या. फिल्मचे रीळ माझ्यात बसवायचे, दिवा लावायचा, मूठ फिरवायची, की एकामागून एक पान पाटीवर उतरे.

माझी चांगलीच चलती होती तेव्हा! माझ्यासमोर बसायला माणसे आठवडा आठवडा आधी नाव नोंदवून ठेवत. दप्तरखाना सांभाळणाऱ्या मेन्नाबाई रोज सकाळी माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "याला हळू हात लावा हं. आमच्या घरचा कर्ता आहे तो."

एकदा अमेरिकेहून एक गृहस्थ आले. म्हणाले, "माझे पणजोबा शोधायचेत. जॉन जोन्स."

"कुठल्या शेतावरचे?" मेन्नाबाईंनी विचारले.

"ते काही माहीत नाही."

"मग दादा, मुक्कामाला आलात ना? कारण जॉन जोन्स आमच्याकडे मेंढरांपेक्षा जास्त आहेत."

त्या हसल्या, पण बोलल्या ते खरेच होते. आमच्या डोंगरांत पूर्वी कायमचे आडनाव नव्हते. बापाचे नाव मुलाच्या नावामागे लागे आणि पुढच्या पिढीत ते बदले. शिवाय नावे तरी किती, मोजकीच. म्हणून माणूस ओळखला जाई तो शेताच्या नावाने. हे कळेपर्यंत बाहेरून आलेली माणसे माझी मूठ फिरवून फिरवून रडकुंडीला येत.

दक्षिण अमेरिकेतल्या पाटागोनियाहून आलेली एक बाई मला अजून आठवते. पृथ्वीच्या त्या टोकाला आमची काही माणसे शेती करायला गेली होती, त्यांच्यातली ती. तिला हवे ते नाव सापडले, तेव्हा तिने पाटीवर तळहात ठेवला. नाव तिच्या हातावर उमटले. बराच वेळ ती तशीच बसली. मग तिने हात उचलला, तर नाव पाटीवरच राहिले, तिच्या हाताबरोबर गेले नाही. मित्रांनो, मी नुसता उजेड पाडतो. कोणाला काही देऊ शकत नाही. त्या दिवशी मला याचे फार वाईट वाटले.

आणि मग इद्वाल आला.

इद्वाल म्हणजे हावोद नावाच्या डोंगरावरच्या शेताचा म्हातारा मालक. दर गुरुवारी बाजारात मेंढ्या विकून झाल्या की तो वर येई. ओली टोपी गुडघ्यावर ठेवून माझ्यासमोर बसे. शाळेला सुट्टी लागली तेव्हापासून त्याची नात माब्लीही बरोबर येऊ लागली. दहा वर्षांची पोर, हातात पेन्सिल आणि तोंडात अखंड प्रश्न.

"पुढच्या महिन्यात आमच्या सारोनला कुलूप लागतंय," इद्वालने एका गुरुवारी मेन्नाबाईंना सांगितले. सारोन हे त्यांच्या खोऱ्यातले चॅपल, म्हणजे चर्चपासून वेगळे झालेल्या लोकांचे प्रार्थनाघर. "माणसंच उरली नाहीत यायला. शेवटच्या रविवारी प्रत्येक घरानं उभं राहून आपल्या माणसांची नावं सांगायचं ठरलंय, पहिल्यापासून आजपर्यंत. आणि आमच्या घराचं पहिलं नाव मलाच ठाऊक नाही. माझे आजोबा ओवेन हावोद. पण त्यांची आई कोण, वडील कोण? म्हाताऱ्यानं कधी शब्द काढला नाही."

"मग तुम्ही विचारलं का नाही?" माब्ली म्हणाली.

"ते गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो गं. मला त्यांच्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या जास्त महत्त्वाच्या वाटत होत्या."

तो हे हसत बोलला, पण त्याचा हात माझ्या मुठीवर थांबला होता. मुठीवर थांबलेले हात मला ओळखता येत.

सारोनची फिल्म इद्वालने पुन्हा पुन्हा पाहिली. बाप्तिस्म्याच्या यादीत ओवेन नव्हता. सभासदांच्या यादीत होता, पण मोठेपणी आलेला. माब्ली मूठ फिरवत असे आणि तो चष्मा कपाळावर सरकवून पाटीवर वाकत असे.

"आजोबा, ह्या नावावर रेघ का मारलीय?"

"लिहिणाऱ्याचं चुकलं असेल. चल, पुढे घे."

एकदा मेन्नाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "इद्वाल, गावच्या चर्चची फिल्म लावून बघू या का?"

"चर्चची?" इद्वाल ताठ झाला. "बाई, गारा पडत असल्या तरी आमच्या घरातलं कुत्रंसुद्धा त्या चर्चच्या ओसरीला उभं राहिलेलं नाही."

"बिचाऱ्या कुत्र्याला कोणी विचारलं होतं?" माब्ली पुटपुटली.

इद्वालचा राग आजचा नव्हता. चर्च जमीनदारांचे, आणि चॅपल आमचे, खांद्यावर दगड वाहून बांधलेले, असे या खोऱ्यातली माणसे मानत आली होती. चॅपलच्या माणसाने आपले पूर्वज चर्चच्या वहीत शोधणे म्हणजे शेजाऱ्याच्या कपाटात आपला कोट शोधण्यासारखे होते. म्हणून तो शोधतच नव्हता. मला ते कळत होते आणि बोलता येत नव्हते.

रविवारच्या आधीचा शेवटचा गुरुवार उजाडला. इद्वाल पाइप ओढायला खाली गेला. माब्ली लगेच मेन्नाबाईंच्या टेबलाशी पोचली.

"चर्चची फिल्म लावा ना. पटकन. आजोबांचा पाइप लवकर संपत नाही."

"आणि ते रागावले तर?"

"तर मी मागितली म्हणून सांगा."

"सांगणारच आहे," मेन्नाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

ओवेन मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात जन्मला, एवढे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. तो हिवाळा कोणता, ते मेन्नाबाईंना ठाऊक होते. माब्ली माणसांची नावे वाचतच नव्हती. तिचे बोट फक्त शेताच्या नावाच्या रकान्यावरून खाली खाली सरकत होते. पान गेले, दुसरे गेले. आणि मग बोट थांबले. राहणार हावोद. मुलाचे नाव ओवेन. आईचे नाव शोनेद. वडिलांच्या जागी नुसती आडवी रेघ.

तंबाखूचा वास आला. इद्वाल मागे येऊन उभा होता. माब्लीने खुर्ची सोडली. तो बसला. त्याने ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"काहीतरी घोटाळा आहे. आमची माणसं चॅपलची."

मेन्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "शोनेदही चॅपलचीच असेल, इद्वाल. पण लग्नाआधी मूल झालं, की पुष्कळ चॅपलवाले त्या मुलीला सभासदांतून काढून टाकायचे. तिच्या मुलाचा बाप्तिस्माही करत नसत. मग तिनं जायचं कुठे? चर्चचा पाद्री नाही म्हणाला नसेल."

त्यांनी पुन्हा सारोनचे रीळ चढवले आणि सभासदांची यादी त्याच वर्षापाशी आणली. तिथे ती रेघ होती. शाई दाबून, कागद फाटेल अशी मारलेली. रेघेखाली अक्षरे अजून वाचता येत होती: शोनेद, हावोद.

मित्रांनो, माझ्या उजेडाला नाव आणि नावावरची रेघ सारखीच. दोन्हींची सावली मी तेवढ्याच काळजीने पाडत आलो होतो. कितीतरी गुरुवार ती बाई इद्वालच्या डोळ्यांसमोर होती. त्याच्या नाकासमोर, त्याच्या हाताएवढ्या अंतरावर. आणि मी तिला हाक मारू शकलो नाही.

"हे नाव मी किती वेळा बघितलं," इद्वाल म्हणाला. "बघितलं आणि पुढे गेलो. खोडलेलं आहे, म्हणून वाचलंच नाही."

मग तो माब्लीला नव्हे, जणू पाटीलाच सांगू लागला. "दर रविवारी सारोनहून घरी येताना आजोबा चर्चच्या कुंपणाशी थांबायचे. आत थडगी आहेत तिथे. टोपी काढायचे. मला वाटायचं, चढामुळे दम लागतो म्हाताऱ्याला."

मग इद्वालने चष्मा काढून खिशात घातला.

"मी ओवेनपासून सुरुवात करीन," तो म्हणाला.

"आणि शोनेद?"

"अगं, माझे आजोबा सारोनचे मोठे कारभारी होते. ज्या भिंतींनी त्यांच्या आईला बाहेर काढलं, त्याच भिंतींत ते आयुष्यभर पहिल्या बाकावर बसले. त्यांनी झाकलेलं मी शेवटच्या दिवशी उघडं करू? सगळ्यांदेखत?"

"त्यांनी कुठे झाकलं? ते तर टोपी काढायचे."

इद्वाल खुर्चीतून उठला. "दिवा बंद कर," एवढेच म्हणाला आणि कोट घ्यायला गेला.

माब्लीने दिवा बंद केला नाही. तिने आपल्या वहीतला कोरा कागद पाटीवर ठेवला. नाव कागदावर उतरले. तिने पेन्सिलीने एकेक अक्षर गिरवले. वरची रेघ तेवढी गिरवली नाही. मग दिवा बंद केला.

रविवार आला. खोलीत अंधार होता आणि माझ्यावर कापड घातलेले होते. मी उभ्या जन्मात एकही चॅपल पाहिले नाही. पाहिली ती फक्त त्यांची पाने. त्या दिवशी वाटले, मला पाय असते तर! ज्यांच्या नावांच्या सावल्या मी पाडल्या, त्यांचा दरवाजा तरी एकदा पाहिला असता. तिथे शोनेदचे काय झाले, ते कळायला मला पुढचा गुरुवार यावा लागला.

पण ते सांगण्याआधी माझे आजचे हाल सांगतो, नाहीतर राहून जाईल. दप्तरखान्यात संगणक आले. आता लोक घरबसल्या पाने पाहतात. चांगलेच आहे, मला त्यांचा हेवा नाही. मेन्नाबाई निवृत्त झाल्या. मला जिन्याखाली नेऊन ठेवले, आणि माझ्या झाकणावर येणारे-जाणारे ओल्या छत्र्या टाकतात. माझा दिवा कधीचा गेला आहे. तरी जिन्यावर म्हाताऱ्या पावलांचा आवाज आला, की वाटते, कोणीतरी विचारील, ते जुने यंत्र कुठे आहे हो?

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे माझे मागणे नाही. मागणे निराळे आहे. घरात जुनी माणसे आहेत तोवर त्यांना नावे विचारा. पेपरमिंटच्या गोळ्या खा, पण खाता खाता विचारा. जुन्या वह्या ओलीत टाकू नका. आणि वाचताना एखादे नाव खोडलेले दिसले, तर घाईने पुढे जाऊ नका. जरा थांबा. रेघेखाली कोण आहे ते वाचा.

तर तो गुरुवार. आजोबा आणि नात आले, तशा मेन्नाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "झालं का नीट?"

"नीट?" इद्वालने टोपी काढली. "मी ठरवल्याप्रमाणे ओवेनपासून सांगितलं. मग माझे वडील रॉबट, मग मी, मुलं, ही. आणि बसलो. ही बसेना! कागद काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ओवेनची आई शोनेद, हावोदची. बाई, कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि आमच्या सारोनमध्ये खोकल्याशिवाय आमेनसुद्धा होत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी उभा राहिलो परत. तिला एकटीला कशी उभी ठेवणार? वाटलं, आता तरी खाली बसेल."

"बसले नाही," माब्ली म्हणाली.

"कुठली बसते! सरळ पुढे गेली. व्यासपीठाखालच्या टेबलावर सारोननं स्वतःकडेच जपलेली सभासदांची मूळ वही त्या दिवसापुरती मांडून ठेवली होती…"

मेन्नाबाईंचा हात कपाळाला गेला. "मूळ वही? माब्ली, काय केलंस तू?"

"खोडलं नाही काही," माब्ली म्हणाली. "पेन्सिलीनंच केलं."

तिने काय केले ते मी ऐकले तसे सांगतो. सगळे सारोन बघत असताना तिने वहीची पाने शेवटापर्यंत उलटली. सभासदांची यादी जिथे संपली होती, तिच्याखाली काही ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. पहिल्या कोऱ्या ओळीवर, सगळ्यांच्या खाली, तिने आपल्या गोल शाळकरी अक्षरात 'शोनेद, हावोद' असे लिहिले. मग वही मिटली.