इजिप्तला निघालेला गहू

"कलाबाई, सुपं ठेवा खाली. बंदराले गेलेला ट्रक वापस येऊन राह्यला," डोणगावचे धान्याचे व्यापारी भगवंतराव गोदामाच्या दारातूनच म्हणाले.

कलाबाईचा हात थांबला. "काऊन भाऊ? खडा निंघाला काय?"

"खडा नाही. देशात भाव चढले म्हणून सरकारनं गहू बाहेर धाडणंच बंद केलं. आता रशियावाले इकतीन, ऑस्ट्रेलियावाले इकतीन. आपण बसा पाहत."

कलाबाईचा जन्म याच गोदामात धान्य निवडण्यात गेला. पण यंदा युक्रेनची लढाई जुंपली, तिकडचा गहू अडकला आणि इजिप्तचं गिऱ्हाईक थेट इथल्या ढिगापर्यंत आलं. तेव्हापासून बाईचे पाय जमिनीवर नव्हते. इजिप्त कोणत्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण लेकीच्या सासरी पाठवायचा असावा तसा ती गहू निवडायची. त्याच तोऱ्यात तिने वस्तीतल्या बायांना कांद्याच्या बियाण्याच्या कामावरून उठवून आणलं, पावसाळ्यापर्यंत काम देण्याचा शब्द दिला. कांद्याचे मळेवाले आता या बायांना दारात उभं करणार नव्हते.

तरी सांगितलं तिनेच. "बायाहो, आजच्यापुरतंच काम हाये. म्या तुमाले फसवलं."

शेजारची रेणुका तोंड फिरवून उठली.

"उरलेला ढीग तसाच भरा," भगवंतराव म्हणाले. "गावातच इकाचा हाये. निवडाची काई गरज नाही."

आता मात्र कलाबाईला राग आला. "काऊन? गावातल्या मानसाईले दात नाहीत काय?"

तिने सूप उचललं. जरा वेळाने रेणुका परत येऊन बसली, मग बाकीच्याही बसल्या. दिवस कलेपर्यंत ढीग लख्ख झाला.

ढीग उठला की खाली उरलेलं मातेरं, म्हणजे मातीत मिसळलेला गहू, बायांनी वाटून न्यायचा आणि पहिली ओंजळ कलाबाईने घ्यायची, अशी तिथली रीत. त्या दिवशी तिने सगळ्यांचे वाटे घातले, स्वतःचा घातलाच नाही. रिकामा पदर कमरेला खोचून ती दाराकडे निघाली. शब्द मोडलेल्या माणसाला कसला मान, असं तिला वाटत होतं.

"थांब ना वं मावशी," रेणुका मागून आली. "लढाई काय तू लावली होती? पदर धर."

कलाबाईने मान हलवली. रेणुकाने तिचा पदर ओढून सोडवला आणि त्यात आपली ओंजळ रिती केली. मागे बाकीच्या बाया आपापली ओंजळ भरून उभ्या होत्या. कलाबाईने खाली मान घातली आणि दोन्ही हातांनी पदर धरला.