धाकट्या जावेवर पाळत

थोरलीचं नाक चोंदायला लागलं ते नेमकं धाकटी जाऊ राहायला आली त्याच महिन्यात. आधी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, मग दिवसभर गच्च नाक आणि पुढे घशात केस अडकल्यासारखी खवखव. थोरली घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. माप घेताना ती खाकरली की गिऱ्हाईक दचकायचं. नवरा म्हणायचा, "तू घरात कुठे आहेस हे आता शोधावं लागत नाही."

तिने औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. दोन थेंब टाकले की लगेच नाक मोकळं. आधी दिवसातून एकदा पुरायचे, मग तीनदा, मग बाटली मशीनच्या खणातच राहू लागली.

धाकटी मात्र ठणठणीत. थोरलीला हेच खुपायचं. एका छपराखाली राहतो, एका पातेल्यातलं जेवतो, मग आजारी आपण एकट्याच कशा? त्यात धाकटी अबोल. खोलीत यायची, इकडेतिकडे बघायची, काही न बोलता निघून जायची. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

एकदा गिऱ्हाईकाकडून लवकर परतली, तर धाकटी तिच्या पलंगापाशी उशीचा अभ्रा काढत उभी.

"काय करतेस?"

"धुवायला नेतेय, ताई. गरम पाण्यात."

"मी सांगितलं होतं?"

धाकटी अभ्रा घेऊन निघून गेली. थोरलीने उशी उचलून हुंगली, पण तिला कशाचाच वास येत नव्हता. यात काहीतरी टाकलं असलं तर आपल्याला कळायचं कसं, या विचाराने ती जास्तच धास्तावली. त्या दिवसापासून ती आपलं ताट आपण वाढून घेऊ लागली आणि कपाटाला कुलूप घालू लागली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" हाही तिच्याच बाजूचा, असं थोरलीने मनाशी धरलं.

मग एका सकाळी तिने खिडकीतून पाहिलं. धाकटी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होती आणि हातात थेंबांची रिकामी बाटली होती. दुकानदार मान हलवत काहीतरी सांगत होता. थोरली तशीच, गळ्यात माप घेण्याची टेप घेऊन, रस्ता ओलांडून गेली.

"सापडलीस! काय मिसळतेस माझ्या औषधात?"

दुकानदार गोंधळला. धाकटीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "मिसळत नाही, ताई. मोजतेय. दोन महिन्यांत अकरा बाटल्या झाल्या. किती दिवस घ्यायचे असतात, हे विचारायला आले होते."

"तीन दिवस, फार तर पाच," दुकानदार म्हणाला. "मी यांना दोनदा सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. थोरलीने ते कानाआड केलं होतं.

दुकानदाराच्या सांगण्यावरून दुपारी दोघी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी नाकात दिवा धरून पाहिलं. "आत सूज आहे. थेंबांचा जोर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून तुम्ही पुन्हा थेंब टाकता. नाकातलं पाणी मागून घशात उतरतं, शिवाय तोंडाने श्वास घेता, म्हणून खवखव. पण मुळात सुरुवात कशाने झाली? त्या महिन्यात घरात नवीन काय आलं?"

थोरलीने नकळत जावेकडे पाहिलं.

"पडदे," धाकटी म्हणाली. "नाटकाच्या हॉलचे जुने मखमली पडदे दुरुस्तीला आलेत. मशीनशेजारी छातीएवढा ढीग आहे. नुसता हात लावला तरी धूळ उडते. ताईंच्या उशीवरही बसते, म्हणून अभ्रा धुवायला नेत होते."

बाईंनी आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करायला लावले, आठवड्याने दुसरीतले. रोज सुजेवरचा फवारा आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं. "मुळापासून जाईल असं म्हणत नाही. सांभाळत राहावं लागेल."

पहिले दहा दिवस थोरलीच्या नाकात दम आला. चिडून तिने दोनदा थेंब मागितले. बाटली धाकटीकडे होती, तिने दिली नाही. पडदे मागच्या पडवीत गेले, थोरली तोंडावर फडकं बांधून तिथेच ते शिवू लागली, खोली ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली. दोन महिन्यांत खाकरणं सकाळपुरतं उरलं.

एकदा भाजी निवडताना थोरली म्हणाली, "मला वाटायचं, तूच काहीतरी करतेस."

"ठाऊक होतं. माझ्या हातचं ताट घेत नव्हतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पटलं असतं?" धाकटीने देठ बाजूला टाकले. "वाईट वाटलं होतं. अजून वाटतं."

"चुकलं माझं," थोरली म्हणाली.

धाकटीने निवडलेली भाजी उचलून धुवायला नेली. पण पुढच्या तपासणीला थोरली निघाली, तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती. "चला. बाई काय सांगतात ते मलाही ऐकू दे. तुम्ही अर्धंच ऐकता."