गुलाबदाणी तुंबली

सुई.

मानसिंगने ती मागून हळूच ओढली. निम्म्यात अडकली. वाकली तर रंग फवारायचा एअरब्रश कायमचा गेला, म्हणून वरच्या इवल्या पेल्यात त्याने थिनर सोडलं आणि थांबला. समोर वर्तमानपत्रावर हातभर लांबीचा रणगाडा उभा होता. धनाजीने आणि त्याने मिळून केलेला, गावातल्या माजी सैनिकांच्या सभागृहात ठेवायचा. शेवटचा हिरवा हात तेवढा राहिला होता. एरवी धुक्यासारखा बारीक येणारा रंग सकाळी एकदम पिचकारीसारखा उडाला. तोफेच्या बुडाशी गाठीच गाठी, देवी आलेल्या अंगासारख्या.

हे काम धनाजीचंच.

दोघे एकाच रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, असल्याच खऱ्या रणगाड्यावरून. धनाजी एअरब्रशला गुलाबदाणी म्हणायचा. तोफा साफ केलेली माणसं आपण, आणि म्हातारपणी गुलाबदाणी धुतोय, म्हणून हसायचा. मानसिंगच्या या रंगकामाच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडेच असे. पण गेल्या महिन्यात तो वडूजच्या बाजाराला मोटारसायकलवरून गेला आणि एसटीने परत आला. गाडी कुठे ठेवली ते दुसऱ्या दिवशी आठवलं. पुण्याहून त्याचा मुलगा धैर्यशील येऊन गेला. आणखी एकदा असं काही झालं तर आबांना इथं एकटं ठेवणार नाही, म्हणाला. काका, तुम्ही लक्ष ठेवा.

मानसिंग लक्ष ठेवू लागला. धनाजीने बाटलीचं झाकण लावलं का. तेच पुन्हा विचारलं का. समोर बसून चहा पिणाऱ्या दोस्ताकडे तो पहाऱ्यावर उभं राहिल्यासारखा बघायचा.

सुई सुटली. टोकाशी काळपट गाळ.

नोझल.

रंग बाहेर पडायचं तोंड, तांदळाच्या कणीएवढं. छोट्या पान्याने फिरवताना श्वास रोखून धरावा लागतो. श्वास रोखला की सकाळचं आठवतं.

"माज्या माघारी रंग मारलास आन् न धुता ठिवलास. व्हय का न्हाई?"

धनाजीने हातांकडे पाहिलं. पालथे केले, उताणे केले. नखांच्या कडा तपासल्या.

"व्हय," तो म्हणाला. "मीच आसंल."

किल्ली टेबलावर ठेवली आणि

नोझल निघालं. मानसिंगने ते स्टीलच्या वाटीत, थिनरमध्ये टाकलं.

आणि गेला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत मानसिंगने पुण्याला फोन लावला होता. धैर्यशीलने फारसं विचारलं नाही. निघतो म्हणाला, दुपारपर्यंत पोचतो.

वाटीतलं थिनर पिवळं झालं.

हिरवं नाही. पिवळा रंग तर खोलीत नव्हताच. मानसिंगने नोझल बारीक ब्रशने आतून कोरलं. बाहेर आला तो रंग नव्हता, ओला भुगा होता. अंगठ्यावर चोळला, डाग बसला. हे काय घातलं याने आत? आणि कशासाठी? आता त्याला धनाजीच्या विसरण्याचाच संशय येऊ लागला. हा विसरतो, की मुद्दाम

त्याने हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद करायला हात लांबवला. हात तिथेच राहिला.

कॉम्प्रेसरवर हळदीकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीची. पाटावर कोयता, नट आवळायचे पाने, बायकोची कातर, आणि एअरब्रशही. मानसिंगनेच मांडला होता, पेल्यावर झाकण न लावता, आणि हत्यारावर सोडतात तशी चिमटी भरून हळद सोडली होती. दुसऱ्या दिवशी बाहेरून पुसला, डब्यात ठेवला. धनाजी सणाला पुण्याला होता. काल रात्री उशिराच परतला. किल्ली असली नसली सारखीच.

वाटी.

ती हातात घेऊन मानसिंग तसाच अनवाणी निघाला. धनाजी आपल्या घरच्या अंगणात बाजेवर बसला होता. पायाशी फौजेतली काळी ट्रंक, कुलूप लावलेली. कुणी सांगायच्या आधीच भरलेली.

मानसिंगने वाटी त्याच्यापुढे धरली.

"हळद हाय. खंडेनवमीची. मीच टाकल्याली. तू कशाला हातबी लावला न्हाईस गड्या."

धनाजीने वाटीत बोट बुडवलं. वर काढून उन्हात धरलं.

"नक्की?"

"नक्की. धैर्यशीलला मी सांगतो. चूक माजी हाय."

धनाजीचा चेहरा आता मोकळा होईल, म्हणून मानसिंग वाट पाहत उभा राहिला. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. धनाजीने बोट पँटला पुसलं. पुन्हा पुसलं. पिवळं जाईना.

"मग मी व्हय का म्हणलो रं?" त्याने विचारलं.