पहिला कप चाचांचा

"उग्र हाय जरा," पुडी हुंगून धुरपताबाईंनी तोंड वाकडं केलं.

"पहाडी चहा हाय मावशी, असाच ऱ्हातो," गुलाम रसूल चाचा म्हणाले आणि आपला कप सगळ्यांदेखत रिकामा केला.

चाळीस वर्षांची रीत होती ती. नवा चहा आला की दुकानाच्या फळीवर स्टोव्ह पेटायचा, पहिला कप चाचा स्वतः प्यायचे, मगच पुडी बांधायचे. दुसरा कप शेजारी म्हणून माझा. अहमदपुरात बसून या माणसानं आसाम, दार्जिलिंग, निलगिरी सगळं जिभेवर फिरून घेतलं होतं. नव्या पत्तीचा नमुना मिळतोय म्हटलं की स्वारी हैदराबादच्या एसटीत. मूठभर पत्ती हुंगून ती किती उंचीवरची ते सांगायचे, आणि त्यांना खोटं पाडण्याइतकी अक्कल आमच्यात कोणालाच नव्हती. शेजारी मी खता-औषधांचं दुकान टाकलं, तेव्हा माझ्या उदबत्तीवरूनसुद्धा भांडले होते. पत्ती शेजारचा वास ओढून घेते, म्हणे.

म्हणून तर मी गप्प बसलो. माझ्या गोदामात ओल आली तेव्हा चाचांनी त्यांची मागची खोली वापरायला दिली होती. चार दिवसांपूर्वी तिथं सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली माझ्या हातून फुटली. ओघळ नव्या चहाच्या पोत्याखाली गेला. मी फरशी पुसली, खोकी हलवली आणि मनाशी म्हटलं, काही असलं तर चाचांच्या नाकाला कळेलच. खरं म्हणजे मला सांगायची लाज वाटली. आज सकाळी त्यांनी मूठ हुंगून मान डोलावली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तरी माझा कप मी पोटाचं निमित्त करून टाळला.

तासाभरात बानो चाची आल्या. चार दिवस बिलोलीला लेकीकडे होत्या. एसटीतून उतरून पिशवीसकट थेट दुकानात आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

"ये फवारे की बास कायकी?"

"मल्लू के दुकान की होंगी," माझ्याकडे बोट करत चाचा म्हणाले.

चाचींनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली. त्यांचा चेहराच उतरला. "मेरे आने तक रुकना था ना जी! तुमको बास आती नै, मालूम हे ना?"

चाचांनी मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नवी पत्ती आधी घरी चाची हुंगायच्या आणि त्या जे सांगतील ते चाचा दुकानात बोलायचे. बाजाराला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. या वेळी पोतं परस्पर दुकानात आलं, चाची गावाला, आणि नवा चहा समोर असताना चाचांना धीर धरवला नाही.

"बाटली फुटली होती चाची," मी म्हणालो. "मागच्या खोलीत, पोत्याजवळ. मी सांगितलं न्हाई."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी बी कुठं सांगितलं," ते म्हणाले.

त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता आणि तोंडातली लाळ ते सारखी रुमालानं टिपत होते. चाचींनी रिक्षा बोलावली, पण चाचा फळी सोडेनात. "आधी पुड्या आना." तीनच गेल्या होत्या. वीरण्णा आणि शिवकांताबाईंना फोन लागला, पुड्या अजून उघडल्या नव्हत्या. "धुरपताबाईकडं फोन न्हाई. रेणापूरच्या गाडीला गेली ती. पळ, मल्लू."

गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडतच होती. मी मोटरसायकल आडवी घातली. कंडक्टरच्या शिव्या खात वर चढलो.

"वास मला येतच हुता," पुडी काढून देत धुरपताबाई म्हणाल्या. "पन चाचा प्याले म्हनून घेतली."

परत आलो तेव्हा चाचा रिक्षात, चाचींच्या खांद्याला टेकून. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. भोवती अर्धा बाजार जमला होता. मी पुडी हातात दिली. सवयीनं त्यांनी ती नाकाशी नेली, थांबले, आणि सगळ्यांदेखत चाचींपुढे धरली. चाचींनी हुंगून मान हलवली.

"कोन्ही प्यालं न्हाई ना?"

"न्हाई चाचा."

"मंग मी एकटाच," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"मल्लू, वो बाटली लेके बैठ. डॉक्टर पूछेंगे कौनसी दवा," चाची म्हणाल्या. मी फुटकी बाटली फडक्यात गुंडाळून आणली आणि रिक्षावाल्याशेजारी बसलो. मागून चाचींचा आवाज आला, "कितना पिये जी?"

"दो कप." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "एक मल्लू का था. फेंकने का जी नै हुआ."

मी बाटली मांडीवर घट्ट धरली आणि रिक्षावाल्याला म्हणालो, "हाण."