बोटभर ओल

ऑफिसातली झाडं तहानेने क्वचितच मरतात, बहुतेक पाण्यानेच मरतात. येता-जाता कुणीही बाटलीतलं उरलेलं ओततं आणि वर मलाच विचारतं, "काका, पानं पिवळी का हो पडली?" म्हणून माझा नियम एकच. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं. ओल लागली तर पुढची कुंडी, कोरडं लागलं तर पाणी. बोटाकडे बघायचंसुद्धा नाही, ते सांगेल ते ऐकायचं. सव्वीस वर्षं माझ्या कामात बोट ठेवायला कुणाला जागा सापडली नव्हती.

गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरची अकरा झाडं धारातीर्थी पडली. मुळं कुजलेली, मातीला आंबूस वास. मॅनेजर म्हणाला, फरशी पुसणारी बाई बादलीतलं पाणी कुंड्यांत ओतते. ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर मीच तिला इथे चिकटवली होती, पदरात दोन मुली. खरं सांगतो, मलाही तिचाच संशय होता. लहानपणापासून मुलखाची आळशी. बादली घेऊन मोरीपर्यंत कोण जातंय!

काल मॅनेजरने तिला बाराव्या कुंडीपाशी उभं केलं. तिच्या नोकरीचा प्रश्न होता, पण ती जराही घाबरली नाही.

"मी एक थेंब ओतला नाही, साहेब. दादाला बोलवा. त्याचं बोट खोटं बोलायचं नाही."

मी बोट खुपसलं. कोरडं, अगदी ठणठणीत. सुटली बिचारी, असं मनात म्हणत मी हात बाहेर काढला. मॅनेजर बोटाकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल.

साखरेने पाय बधिर झालेत हे मला माहीत होतं. पुढे हातही जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. ते कधीच गेले होते. भिजलेल्या कुंड्यांना मी रोज पाणी पाजत होतो. अकराच्या अकरा मीच मारली होती.

"बोला काका, ओली की कोरडी?"

खरं सांगितलं असतं तर नोकरी माझी जाणार होती. बधिर बोटाचा माळी कोण ठेवतो?

"ओली आहे," मी म्हणालो, आणि बोटाला कोरडी लागली होती, हे पोटातच ठेवलं.

"उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर तिला म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारीच हात पुसत उभा. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. ती भांडली असती, तर मी सगळं ओकून टाकलं असतं, असं कालपासून स्वतःला सांगतोय.

ती भांडली नाही. थोडा वेळ आठवत राहिली.

"दादाला ओली लागली ना? मग माझ्याच हातून सांडलं असेल, साहेब." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुला मान खाली घालावी लागली रे, दादा. माफ कर."