काट्यावर ठेवलेली पिशवी

मित्रांनो, मला जुना म्हणा, गंजका म्हणा, चालेल. पण खोटा म्हणाल तर खबरदार! मी लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यातला वजनकाटा आहे.

पुण्यातल्या एका कार्यशाळेत मी तयार झालो. टेम्पोतून इथे आलो, तेव्हा मालकीण राजेश्वरीताईंनी मला हळदकुंकू लावलं होतं. दरवर्षी सरकारी माणूस येतो, मला तपासतो आणि शिक्का मारून जातो. एकदाही नापास झालेलो नाही. आहे का कुणाची छाती असं सांगायची?

काम सोपं. कढईतली चिक्की ट्रेमध्ये पसरली की तो ट्रे माझ्यावर चढतो. मग भाजे गावच्या शालूबाई त्याच्या वड्या कापतात. वेड्यावाकड्या कडा निघतात, तो चुरा पुढच्या कढईत टाकायचा, ही इथली पहिल्यापासूनची रीत.

पुढे हिशेबाला गौरव आला आणि भिंतीवर मोठा पडदा लागला. त्याला डॅशबोर्ड म्हणतात म्हणे. माझ्यावरचं प्रत्येक वजन मोबाइलमधून त्यावर जायचं. एक दिवस पडदा लाल झाला. चिक्की बनली जास्त, पाकिटांत भरली कमी! मधली गेली कुठे? कापणी शालूबाईंकडे, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांसमोर लाल अक्षरांत झळकलं. येता-जाता त्यांची पिशवी माझ्यावर ठेवायचा हुकूम निघाला. पिशवीत काय, तर डबा आणि स्वेटर. मित्रांनो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"काटाच तपासून घेऊ," गौरव म्हणाला.

"आणि तो बरोबर निघाला, तर शालूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणावं लागेल," राजेश्वरीताई म्हणाल्या.

शालूबाई उसळल्या. "म्हना की! पन आदी माज्यासमूर सगळं मोजा. तवर मी हितनं हलनार न्हाई."

गौरव मोजायला बसला. पहिला ट्रे माझ्यावर चढला. वड्या कापल्या, चुरा पुढच्या कढईत गेला, दुसरा ट्रे चढला. वजन मोबाइलमध्ये भरता भरता त्याचा हात थांबला.

"अरे देवा! यात मघाचा चुरा आहे. तो तर आधीच मोजलाय!"

बघा! तोच चुरा पडद्यावर दोनदा बनत होता. मी दोन्ही वेळा खरंच बोललो होतो हो, बेरीज चुकत होती. यापुढे चुरा बाजूला काढूनच वजन करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. गौरव गुपचूप लाल नाव पुसायला निघाला.

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "चोर ठरवलंत ते समद्यांसमूर. मग पुसायचं बी समद्यांसमूर. हितं, काट्यापाशी उभं ऱ्हावून बोला."

बाया हातातली कामं टाकून गोळा झाल्या. गौरव माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मावशी, तुम्ही काही नेलं नाही. हिशेब माझा चुकला," तो म्हणाला. शालूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

मित्रांनो, आकड्यांवर माझाही जीव आहे. जन्मभर मी तेच दाखवत आलो. मला पुसा, तेलपाणी करा, आणखी काही मागणं नाही. पण आकडा बघून कुणाकडे बोट दाखवायच्या आधी तो आला कुठून, हे चार पावलं चालून बघा. आणि पुन्हा कुणा कष्टाच्या बाईची पिशवी माझ्यावर ठेवाल, तर याद राखा, माझी सुई जागची हलायची नाही!